हाताखाली किती माणसं आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र होतं. मुलगा बेंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, नोकरीला नऊ वर्षं झाली, कंपनी मॅनेजर करतो म्हणाली आणि पोरगा नको म्हणाला. 'दारात आलेली बढती परत पाठवली, आता पाहुण्यारावळ्यांना काय सांगू?' असं त्यांनी विचारलं होतं. पत्र मी दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तर आप्पांनीच (म्हणजे माझ्या वडिलांनी) लिहिल्यासारखं वाटतंय." म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं आहे, पण विषय आपल्या भागातल्या शेकडो घरांतला आहे, जमल्यास पूर्ण छापावं.

मी अनगोळचा. १९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झालं, त्याच वर्षी मी इंजिनिअरिंगला गेलो. २००२ ला बाहेर पडलो तेव्हा सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या आटल्या होत्या. वर्षभर घरी बसलो, मग रात्रीच्या बसने बेंगळूर गाठलं. तेव्हापासून याच धंद्यात आहे. मधली तीन वर्षं मॅनेजर होतो. आज प्रिन्सिपल इंजिनिअर, म्हणजे तांत्रिक कामातल्या वरच्या पदावर आहे आणि माझ्या हाताखाली एकही माणूस नाही.

हे शेवटचं वाक्य लग्नकार्यात सांगायची मला बरीच वर्षं चोरी वाटायची. मंगल कार्यालयात पंगत बसायच्या आधी कोणीतरी मामा जवळ येऊन बसतात. पगाराचा अंदाज घेतात आणि लगेच विचारतात, "हाताखाली किती माणसं आहेत?" कोणी नाही म्हटलं की त्यांचा आवाजच उतरतो. एवढी वर्षं झाली, अजून कुणाच्या तरी हाताखालीच आहे बिचारा, असं त्यांना वाटतं. त्यांचं चुकतं असंही नाही. फौंड्री, बँक, शाळा, तालुका कचेरी, आपण पाहिलेल्या सगळ्या ठिकाणी मोठं होणं म्हणजे जास्त माणसांवर देखरेख ठेवणं. दुसरी शिडी कुणी पाहिलीच नाही.

माझे आप्पा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्न मेकर होते. नव्या वाचकांसाठी सांगतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पंप किंवा मोटारीचा भाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबून साचा घेतात. बीड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढा लांब. पॅटर्न वाळूतून वर काढताना साचा ढासळू नये म्हणून बाजूंना बारीक उतार द्यावा लागतो. जाड भाग सगळ्यात शेवटी थंड होतो आणि तिथे आत पोकळी राहू शकते, हेही आधी ओळखावं लागतं. आप्पा नुसतं ड्रॉइंग बघून सांगायचे, "हितं भोक पडणार." नवं काम आलं की मालक ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन स्वतः त्यांच्या टेबलापाशी यायचे. लहानपणी डबा पोचवायला जायचो तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९८९ साली त्यांना सुपरवायझर करायचं ठरलं. आप्पा म्हणाले, मला माणसांच्या हजेऱ्या घ्यायच्या नाहीत, मला रंधा द्या. त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ सुपरवायझर झाले. दहा वर्षांत त्यांच्या घरावर स्लॅब पडला, आमचं घर कौलारूच राहिलं. आप्पांना मान मिळाला, पगार मिळाला नाही. माझ्या फीसाठी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं ते मी इंजिनिअर होऊन कमवायला लागेपर्यंत फिटलं नव्हतं.

त्यामुळे २०११ साली मी फोनवर सांगितलं, "आप्पा, मॅनेजर करतायत, काय करू?" तेव्हा ते क्षणभरही थांबले नाहीत. "घे बाबा ते. माझ्यासारखं करू नको." ज्या माणसाने आयुष्यभर हातातलं काम निवडलं, त्यानेच मला त्यापासून लांब जायला सांगितलं. खानापूरच्या त्या वडिलांच्या काळजीमागेही असंच काहीतरी सोसलेलं असणार, म्हणून त्यांना नावं ठेवायचं माझ्या मनातही येत नाही.

मी मॅनेजर झालो. अकरा जणांची टीम होती. मॅनेजरचं काम हुकूम सोडण्याचं नसतं हे पहिल्या महिन्यातच कळलं. दर आठवड्याला एकेकाशी अर्धा तास बोलायचं, नवी माणसं घ्यायची, कोण कुठल्या कामावर जाईल ते ठरवायचं, वरच्यांना सांगायचं की हे मार्चमध्ये होणार नाही, आणि का होणार नाही. वर्षअखेरीला प्रत्येकाचं मूल्यमापन. दिवस असा जातो की संध्याकाळी 'आज काय केलं' याला दाखवण्यासारखं काही हातात नसतं. ज्याला ते चालतं, त्यात ज्याचं मन रमतं, तो चांगला मॅनेजर होतो.

पहिल्या वर्षी मी वाईट मॅनेजर होतो. पोरांनी लिहिलेला कोड मला पटायचा नाही, तेव्हा रात्री घरी बसून मीच तो परत लिहायचो. सकाळी त्यांना सगळं तयार मिळायचं. आपण मदत करतोय असंच मला वाटत होतं. निपाणीकडची एक मुलगी टीममध्ये होती, हुशार, कमी बोलणारी. तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करताना म्हणाली, "सर, मी लिहिलेलं काहीच शिल्लक राहत नव्हतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती गेल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये बराच वेळ तसाच बसून राहिलो. जे काम मला प्रिय होतं ते मी तिच्या हातातून काढून घेत होतो, कारण माझ्या नव्या खुर्चीत ते मला मिळत नव्हतं.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. तेव्हा त्या कंपनीत ठरलेल्या प्रमाणात श्रेणी वाटाव्या लागत. टीम कितीही चांगली असो, कुणालातरी खाली टाकावंच लागे. ज्याला मी ते सांगितलं तो मुलगा काही बोलला नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता, लावत होता, परत उघडत होता. मी सांगायचं ते सांगून मोकळा झालो आणि तो तसाच उठून गेला. तिसऱ्या वर्षापर्यंत मी थोडा सुधारलो. वाईट बातमी आधी आणि सरळ सांगायला शिकलो, रात्री दुसऱ्याचा कोड उघडायचं बंद केलं. त्या वर्षी माझ्या टीममधून कोणीही गेलं नाही.

एवढं सविस्तर अशासाठी लिहिलं की तांत्रिक वाट धरणारी बरीच पोरं मॅनेजरला फुकट पगार खाणारा समजतात. गूगलने २००२ च्या सुमारास इंजिनिअरिंग मॅनेजर काढूनच टाकून पाहिले होते. काही महिन्यांतच लोक खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन थेट संस्थापक लॅरी पेजकडे जाऊ लागले, आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे २००८ पासून त्याच कंपनीने चांगला मॅनेजर कशाने होतो याचा आपल्याच आकडेवारीवरून अभ्यास केला. आठ गुण निघाले. शिकवणं, माणूस घडवणं हे पहिलं आणि तांत्रिक ज्ञान आठवं. म्हणजे नसलं तरी चालेल असं नाही, ते आठात आहेच. पण जो उत्तम कोड लिहितो तोच उत्तम मॅनेजर होईल, हा आपल्याकडचा हिशेब काही तिथे निघाला नाही.

मग मी परत का फिरलो? २०१४ मधली एक रात्र त्याला कारण झाली. आमची यंत्रणा पैशांचे व्यवहार पुढे पाठवायची. त्या रात्री काही ग्राहकांच्या खात्यातून एकच रक्कम दोनदा वजा झाली. हे समजायला गावच्या डेअरीचं उदाहरण घ्या. तुम्ही सकाळी पाच लिटर दूध घातलं, क्लार्कने वहीत लिहिलं, पण तुमच्या कार्डावर नोंद करायच्या आत लाईट गेली. तुम्हाला वाटलं लिहिलंच नाही, तुम्ही परत सांगितलं, त्याने परत लिहिलं. वहीत दहा लिटर झाले. चूक कोणाचीच नाही, पण हिशेब बिघडला. उपाय काय? प्रत्येक वेळच्या दुधाला एक नंबर द्यायचा. तोच नंबर दुसऱ्यांदा आला की क्लार्क म्हणेल, हे लिहिलेलं आहे. आमच्या भाषेत याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. उत्तर आलं नाही म्हणून तीच मागणी परत पाठवली तरी काम एकदाच व्हायला हवं.

पहाटे चारला ते कारण मला सापडलं. टीममधला एक मुलगा शेजारी होता, त्याला फळ्यावर काढून दाखवलं. कोडची दुरुस्ती चाळीसेक ओळींची होती. अवघड काम पुढेच होतं. चार वेगवेगळ्या टीमनी तो नंबर पाठवायला राजी व्हायला हवं होतं आणि चारही टीमची कामं आधीच तुंबलेली. तीन आठवडे मी लिहीत होतो, समजावत होतो, भांडतही होतो. त्या तीन आठवड्यांत मला थकवा जाणवला नाही. शेवटच्या टीमचा बदल चालू झाल्यावर मी वरिष्ठांकडे गेलो आणि म्हणालो, मला परत इंजिनिअर करा.

गणपतीला घरी आलो तेव्हा आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "करतोस तरी काय नेमकं?" मी दुधाच्या वहीची गोष्ट सांगितली. ऐकून म्हणाले, "म्हणजे बीड आकसणार हे धरूनच पॅटर्न करायचा, तसंच की हे." मग लगेच विचारलं, "पण पगार?" मी पगाराची स्लिप दाखवली. चष्मा लावून त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. मॅनेजरच्या बरोबरीचा बँड, म्हणजे पगाराची पायरी होती, एक रुपया कमी नव्हता. स्लिप घडी करून त्यांनी परत दिली आणि म्हणाले, "आमच्या वेळेला असं नव्हतं."

नव्हतंच, निदान उद्यमबागेत नव्हतं. जगात मात्र होतं. आयबीएमने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'फेलो' ही पदवी सुरू केली, ज्यांनी तांत्रिक कामात राहूनच मोठं व्हावं अशांसाठी. आज अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत दोन शिड्या असतात. एकीवर मॅनेजर, सिनिअर मॅनेजर, डायरेक्टर. दुसरीवर स्टाफ इंजिनिअर, प्रिन्सिपल, काही ठिकाणी त्याच्याही वर. त्याच आयबीएममध्ये मोठ्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी लांबतं. पाच माणसांत बोलणाऱ्या जोड्या दहा होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. हाताखाली किती माणसं, या आकड्यावरून या धंद्यात कामाचं माप का निघत नाही, ते यावरून कळतं.

'चाळिशीनंतर कोड लिहिणाऱ्याला कोण ठेवून घेणार?' असंही त्या वडिलांनी विचारलं आहे. केन थॉम्प्सन यांनी १९६९ साली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला सुरुवात केली. तेच थॉम्प्सन गूगलमध्ये २००७ साली गो ही कोड लिहायची नवी भाषा तयार करणाऱ्या तिघांपैकी एक होते. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. आता सगळेच काही थॉम्प्सन नसतात, मीही नाही. या वाटेवर दर तीन-चार वर्षांनी हातातलं अवजार जुनं होतं आणि परत विद्यार्थी व्हावं लागतं. आता तर एआयची साधनं कोड लिहितात, माझ्याही टेबलावर आहेत. साधा कोड पटकन लिहून देणं एवढंच ज्याच्याकडे आहे, त्याने तांत्रिक वाट सुरक्षित समजू नये. काय लिहायचं नाही, कुठे बिघडेल, बिघडलं तर किती पसरेल, हे सांगणाऱ्याची गरज मात्र माझ्या अनुभवात वाढली आहे.

आणि मॅनेजरची खुर्ची तरी कुठे पक्की राहिली? २०२३ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, अनेक मॅनेजरना परत इंजिनिअरच्या कामावर जायला सांगितलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण निदान १५ टक्क्यांनी वाढवायचं जाहीर केलं. सुरक्षिततेसाठी म्हणून मॅनेजर व्हावं, हा सल्ला आता मी कुणालाही देणार नाही.

एक धोका मात्र त्या मुलाने नीट तपासावा. दुसरी शिडी बऱ्याच ठिकाणी फक्त कागदावर असते. जिथे ग्राहकाकडून माणसामागे पैसे घेतात, तिथे दहा-बारा वर्षांच्या इंजिनिअरला 'आता टीम घे' म्हणण्यावाचून कंपनीपुढे फारसा मार्गच नसतो. म्हणून एचआरचं पत्रक वाचून समाधान मानू नये. आपल्या ऑफिसात प्रिन्सिपल कितीजण आहेत ते मोजावं. गेल्या दोन वर्षांत त्या जागेवर कुणाला घेतलं, बाहेरून आणलं की आतून वर काढलं, ते बघावं. मोठा निर्णय होतो त्या बैठकीत त्यांना बोलावतात का हे तर नक्कीच विचारावं. एकही नसेल तर मुलाचा नकार बरोबर असला तरी जागा चुकीची आहे, आणि त्याने कंपनी बदलायचा विचार करावा. 'टेक लीड' म्हणून दोन्ही कामं एकाच पगारात अंगावर घेणं, तेही वर्षानुवर्षं, हे तर कधीच करू नये. त्यात माणूस दोन्हीकडून झिजतो.

अजून एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात जास्त जाणवते. आपल्या सीमाभागातली मराठी माध्यमातून शिकलेली किती तरी पोरं मॅनेजर नको म्हणतात ती कोडच्या प्रेमाने नव्हे, इंग्रजीच्या धास्तीने. मीटिंगमध्ये बोलावं लागेल म्हणून. मीही त्यातलाच होतो. पहिली चार वर्षं बैठकीत तोंड उघडलं नाही. त्या मुलाने स्वतःला एकांतात विचारावं की माझा नकार यातून तर आला नाही ना. आला असेल तर तांत्रिक वाट त्याला वाचवणार नाही. प्रिन्सिपल झाल्यापासून मी कोडपेक्षा इंग्रजी जास्त लिहितो. एखादी रचना का अशी करायची याचे आठ-आठ पानांचे मसुदे लिहायचे आणि वीस जणांपुढे त्यांची बाजू मांडायची, हेच काम आहे.

पण आपल्याकडे त्याची तयारी लहानपणीच झालेली असते, आपल्याला ते माहीत नसतं एवढंच. आजीबरोबर मी तहसीलदार कचेरीत जायचो. कागद कन्नडमध्ये, आजी मराठीतून बोलणार, साहेब मध्येच इंग्रजी शब्द टाकणार. मी नववीत होतो. साहेबांना काय हवंय ते आजीला तिच्या भाषेत सांगायचं, आणि आजीचा राग गाळून तिची अडचण तेवढी साहेबांपर्यंत पोचवायची. चार टीमना तो नंबर पाठवायला मी राजी केलं ना, तेव्हा नेमकं हेच केलं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या पोरांना हे दुभाषेपण घरात मिळतं. मॅनेजर व्हा नाहीतर प्रिन्सिपल, दोन्हीकडे ते उपयोगी पडतं.

वाट एकदा धरली की सुटत नाही असंही नाही. मी गेलो आणि आलो. आमच्या ऑफिसात दोनदा जाऊन आलेली माणसं आहेत. महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं सीमेवरची शिनोळी ओलांडून बेळगावच्या बाजारात येतात आणि संध्याकाळी परत जातात, त्यात कुणाला विशेष वाटत नाही. मॅनेजर असताना माणसं आणि पैसा यांचा जो हिशेब कळला त्याच्यामुळेच आज माझा तांत्रिक सल्ला वरचे लोक ऐकतात. म्हणून त्या मुलाचा नकार म्हणजे दार कायमचं लागलं, असं त्याच्या वडिलांनी धरू नये. अजून तीन वर्षांनी तोच कदाचित म्हणेल, आता मला टीम द्या.

संपादक महोदय, माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. त्या गृहस्थांनी विचारला तर जरूर द्यावा. मी आता बहुतेक दिवस अनगोळच्या घरूनच काम करतो. मुलगा सुट्टीला गावी आला की बापलेकांनी एखाद्या रविवारी यावं. येताना मुलाने दोन कागद आणावेत. एक, त्याच्या कंपनीतल्या दोन्ही शिड्यांचा, कोण कुठल्या पायरीवर आहे ते लिहून. दुसरा, गेल्या तीन महिन्यांतल्या कामाचा, कुठल्या दिवशी ऑफिसमधून निघताना मन भरलेलं होतं आणि कुठल्या दिवशी नव्हतं. आप्पाही घरीच असतात, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आम्ही कागद बघत बसू तोवर त्या वडिलांशी ते बोलतील. त्यांच्याकडे सांगण्यासारखं माझ्यापेक्षा जास्त आहे.

आपला,
एक वाचक
अनगोळ, बेळगाव